कपिलेच्या काठचा ‘एलिफंट बॉय’

म्हैसूर संस्थानाच्या हत्तीखान्यात वाढलेला एक पोरका मुलगा तेराव्या वर्षी जगभर प्रसिद्ध झाला. हॉलिवूडने त्याला पैसा दिला, नाव दिले, पण डोक्यावरचा फेटा आणि कमरेचे धोतर मात्र शेवटपर्यंत उतरवू दिले नाही. साबूची ही कहाणी.

सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत ‘अमेरिकन सिनेमा, संगीत आणि फॅशन’ असा विषय निघाला की मुलांच्या तोंडी ठरलेली उत्तरे असतात. मिकी माऊस, एल्विस प्रेस्ली, मॅरिलिन मन्रो, लेव्हीची जीन्स, मायकल जॅक्सन. पण हॉलिवूडच्या प्रसिद्ध फुटपाथवर ज्याच्या नावाचा तारा बसवला आहे असा म्हैसूर जिल्ह्यातला माणूस कोण, असे विचारा. चांगले चांगले हुशार विद्यार्थी डोके खाजवू लागतात. मोठ्यांनाही हे नाव चटकन आठवत नाही. आठवलेच, तर एखादे आजोबा म्हणतात, ‘‘अरे, तो साबू! हत्तीवाला!’’

म्हैसूरहून उटीला जाणाऱ्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर नंजनगूड लागते. श्रीकंठेश्वराचे भव्य मंदिर, त्याचे उंच गोपूर, रसाळ केळी आणि मंदिराजवळून वाहणारी कपिला नदी यासाठी हे गाव ओळखले जाते. या गावाचे हत्तीशी जुने नाते आहे. टिपू सुलतानाच्या लाडक्या हत्तीची दृष्टी गेली, तेव्हा त्याने नंजुंडेश्वराला साकडे घातले आणि हत्तीला पुन्हा दिसू लागले, अशी आख्यायिका येथे सांगतात. कृतज्ञतेपोटी टिपूने मंदिरात पाचूचे लिंग अर्पण केले आणि देवाला ‘हकीम नंजुंडा’ म्हटले, असेही सांगितले जाते.

कपिलेलाच काबिनी असेही म्हणतात. नंजनगूडहून नदीच्या काठाने प्रवाहाच्या उलट दिशेने, केरळच्या वायनाडकडे जावे, तसतशी भातशेती मागे पडते आणि दाट रान सुरू होते. याच रानाच्या कडेला हेग्गडदेवनकोटे तालुक्यात कारापूर नावाचे गाव आहे. तेथे २७ जानेवारी १९२४ रोजी एका माहुताच्या घरी साबूचा जन्म झाला.

हत्तीखान्यातला मुलगा

त्या काळी काबिनीच्या काठचे काकनकोटेचे जंगल ‘खेड्डा’साठी देशभर प्रसिद्ध होते. खेड्डा म्हणजे रानटी हत्तींचा कळप हाकून मजबूत लाकडी कुंपणात कोंडण्याची पद्धत. शेकडो माणसे ढोल वाजवीत, मशाली घेऊन कळपाला हळूहळू नदीकडे आणीत. मग शिकवलेल्या हत्तींच्या मदतीने एकेक रानटी हत्ती दोरांनी जखडला जाई. म्हैसूर संस्थानात ही पद्धत जी. पी. सँडरसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८७० च्या दशकात बसवली. पुढे बड्या पाहुण्यांना खेड्डा दाखवणे हा म्हैसूरच्या महाराजांच्या आतिथ्याचा मोठा भागच होऊन बसला.

साबूचे वडील महाराजांच्या चाकरीत होते. आई लहानपणीच गेली. थोड्याच वर्षांत वडीलही वारले. मागे राहिले साबू आणि त्याचा थोरला भाऊ. वडिलांच्या पश्चात साबूला आधार मिळाला तो हत्तीखान्याचा. ज्या वयात इतर मुले पाटी-दप्तर सांभाळतात, त्या वयात हा मुलगा हत्तींच्या पायांमध्ये खेळत होता. हत्तीला बसवणे, उठवणे, सोंडेवरून त्याच्या मानेवर चढणे हे त्याला कोणी मुद्दाम शिकवलेच नव्हते.

फ्लाहर्टी म्हैसूरला येतात

१९३५ मध्ये रॉबर्ट फ्लाहर्टी हे अमेरिकन दिग्दर्शक म्हैसूरला आले. उत्तर ध्रुवाजवळच्या एस्किमोंच्या जीवनावरील ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ या १९२२ च्या चित्रपटाने त्यांचे नाव जगभर झाले होते. खरी माणसे त्यांच्या खऱ्या परिसरात टिपायची, ही त्यांची पद्धत. लंडनचे निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांनी रुडयार्ड किपलिंगच्या ‘तूमाई ऑफ द एलिफंट्स’ या कथेवर चित्रपट काढायचे ठरवले आणि ते काम फ्लाहर्टींना दिले. किपलिंगच्या ‘द जंगल बुक’ या १८९४ च्या पुस्तकातली ही कथा एका छोट्या माहुताची आहे.

महाराजा कृष्णराज वडियार चौथे यांनी या मंडळींना सर्वतोपरी मदत केली. म्हैसूर शहरातला चित्तरंजन महाल त्यांना राहण्यासाठी मिळाला. हाच महाल पुढे ग्रीन हॉटेल म्हणून पर्यटकांच्या परिचयाचा झाला. महाराजांच्या हत्तींपैकी ‘ऐरावत’ नावाचा प्रचंड सुळेवाला हत्ती कथेतल्या ‘काला नाग’च्या भूमिकेसाठी निवडला गेला. प्रश्न होता तो तूमाईचा. बऱ्याच मुलांची चाचणी झाली आणि अखेर निवड झाली ती साबूची. एवढ्या मोठ्या जनावराशी हा किडकिडीत मुलगा ज्या सहजतेने बोलत होता, ती सहजता कोणत्याही नटाला साधणारी नव्हती.

फ्लाहर्टींनी कित्येक महिने चित्रण केले, पण कथा पुढे सरकेना. कोर्डा अस्वस्थ झाले. १९३६ मध्ये साबू आणि त्याच्या भावाला बोटीने इंग्लंडला नेण्यात आले. उरलेला चित्रपट अलेक्झांडर कोर्डांचे बंधू झोल्टान यांनी लंडनजवळच्या डेनहॅम स्टुडिओत पुरा केला. आज चित्रपट पाहताना हा जोड स्पष्ट दिसतो. एका दृश्यात खरे म्हैसूर, खरी नदी आणि खरे हत्ती दिसतात. पुढच्याच दृश्यात अंगाला तपकिरी रंग फासलेले इंग्रज नट ‘हिंदी’ माणसांच्या भूमिकेत इंग्रजी बोलताना दिसतात. या सर्वांमध्ये अस्सल एकच, तो म्हणजे साबू.

‘एलिफंट बॉय’ १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. साबू रातोरात तारा झाला. गंमत म्हणजे जगाने त्याला ज्या ‘साबू दस्तगीर’ या नावाने ओळखले, त्यातले दस्तगीर हे मुळात भावाचे नाव. कागदपत्रांच्या घोळात ते साबूला चिकटले आणि कायमचे राहिले.

मुंबईत निदर्शने

कोर्डांनी लगेच साबूला घेऊन ‘द ड्रम’ हा रंगीत चित्रपट काढला. वायव्य सरहद्दीवरच्या एका संस्थानचा लहान राजपुत्र इंग्रज फौजेचा जीव वाचवतो, अशी त्याची कथा. इंग्लंडमध्ये तो धो धो चालला. पण सप्टेंबर १९३८ मध्ये तो मुंबईत लागला आणि वातावरण तापले. चित्रपट साम्राज्याची भलामण करतो, सरहद्दीवरच्या मुसलमानांना क्रूर आणि दगाबाज दाखवतो, असा लोकांचा आक्षेप होता. चित्रपटगृहांसमोर निदर्शने झाली, पोलिसांना बोलवावे लागले आणि शेवटी चित्रपट उतरवावा लागला. ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे संपादक बाबूराव पटेल यांनी अशा चित्रपटांविरुद्ध आपली धारदार लेखणी चालवली.

चौदा वर्षांच्या साबूची अवस्था काय झाली असेल? परदेशात त्याच्याकडे हिंदुस्थानचा प्रतिनिधी म्हणून पाहत होते आणि हिंदुस्थानात मात्र त्याच्याच चित्रपटाविरुद्ध घोषणा चालल्या होत्या. कथा त्याने लिहिली नव्हती, संवाद त्याने निवडले नव्हते. पण पडद्यावर दिसणारा चेहरा त्याचा होता.

याच सुमारास हॉलिवूडच्या आर.के.ओ. कंपनीला ‘गंगा दीन’साठी साबू हवा होता. कोर्डांनी त्याला सोडले नाही. शेवटी ती भूमिका सॅम जॅफी या मध्यमवयीन अमेरिकन नटाने केली. ‘मी साबू आहे’ असे मनाशी समजून आपण तो अभिनय केला, असे जॅफी यांनी पुढे सांगितले होते. अमेरिकेत ‘हिंदी माणूस’ कसा दिसावा, कसा बोलावा, याचा नमुनाच साबू होऊन बसला होता.

बगदादचा चोर

साबूचा सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे १९४० चा ‘द थीफ ऑफ बगदाद’. लंडनमध्ये चित्रण चालू असताना दुसरे महायुद्ध भडकले, तेव्हा कोर्डांनी सारा संच अमेरिकेला हलवला आणि चित्रपट तिकडे पुरा केला. उडता गालिचा, आकाशाला टेकणारा जिनी, यांत्रिक घोडा अशा चमत्कारांनी भरलेल्या या चित्रपटाला छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि स्पेशल इफेक्ट्स अशी तीन ऑस्कर मिळाली. चपळ, खोडकर चोर ‘अबू’ झाला होता साबू. १९४२ मध्ये ‘जंगल बुक’मध्ये तो मोगली झाला. किपलिंगचा मोगली सिवनीच्या रानातला. म्हणजे आपल्या विदर्भाला लागून असलेल्या पेंचच्या परिसरातला. त्याला पडद्यावर आणले कारापूरच्या मुलाने, आणि तेही कॅलिफोर्नियात उभारलेल्या रानात!

त्यानंतर साबू हॉलिवूडमध्येच स्थिरावला. युनिव्हर्सल कंपनीने त्याला मारिया मॉन्टेझ आणि जॉन हॉल या जोडीबरोबर ‘अरेबियन नाइट्स’, ‘व्हाइट सॅव्हेज’, ‘कोब्रा वुमन’ अशा रंगीबेरंगी चित्रपटांत घेतले. युद्धाने गांजलेल्या अमेरिकन प्रेक्षकांना दोन घटका दूरच्या काल्पनिक देशांत नेणारे हे चित्रपट. त्यात साबूचे काम ठरलेले असे. नायकाचा विश्वासू, हसरा मित्र.

१९४४ मध्ये त्याला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. सर्वसामान्य हिंदी माणसाला हा दरवाजा १९४६ च्या कायद्यापर्यंत बंद होता, हे लक्षात घेतले म्हणजे यातले वेगळेपण कळते. पडद्यावरच्या लुटुपुटीच्या लढाया सोडून साबू अमेरिकन हवाई दलात गेला. बी-२४ लिबरेटर या अवजड बॉम्बफेकी विमानात मशीनगन चालवण्याचे काम त्याच्याकडे होते. पॅसिफिक महासागरावरच्या अनेक मोहिमांत त्याने भाग घेतला आणि शौर्याबद्दल ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे पदक मिळवले.

वेश उतरलाच नाही

खरी शोकांतिका यानंतर सुरू होते. युद्धावरून परतलेला साबू आता बावीस वर्षांचा तरुण होता. युद्धात पराक्रम गाजवलेला, इंग्रजी सफाईने बोलणारा अमेरिकन नागरिक. पण हॉलिवूडच्या लेखी तो अजूनही हत्तीवरचा पोरगाच होता. डॉक्टर, वकील, दुकानदार, शेजारी अशा साध्या भूमिकेत हिंदी माणूस असू शकतो, ही कल्पनाच तेथील लेखकांना शिवली नव्हती. १९४७ च्या ‘ब्लॅक नार्सिसस’ या इंग्लिश चित्रपटात त्याला हिमालयातल्या तरुण संस्थानिकाची चांगली भूमिका मिळाली, पण असे प्रसंग विरळाच. पुढे ‘मॅन-ईटर ऑफ कुमाऊं’, मग दुय्यम दर्जाचे जंगलपट. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला तर लंडनच्या सर्कशीत त्याने हत्तींचे खेळ केले. ज्या कामातून बाहेर पडून तो तारा झाला, तेच काम पुन्हा करायची वेळ आली.

या काळात मायदेशाचे दार एकदा किलकिले झाले होते. मेहबूब खान यांनी ‘मदर इंडिया’तल्या बिरजूसाठी साबूचा विचार केला होता. पण तो आता परदेशी नागरिक होता. भारतात काम करण्याचा परवाना त्याला मिळू शकला नाही. ती भूमिका सुनील दत्त यांच्याकडे गेली आणि १९५७ मध्ये पुढे काय झाले, हे सर्वांना ठाऊकच आहे. अमेरिकेत तो नेहमीच ‘हिंदी’ राहिला आणि भारतात आला तेव्हा ‘अमेरिकन’ ठरला.

साबूच्या कहाणीशेजारी आणखी एक कहाणी ठेवून पाहण्यासारखी आहे. अभिनेत्री मर्ल ओबेरॉन हिचा जन्म १९११ मध्ये मुंबईत एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. तिलाही मोठे केले ते अलेक्झांडर कोर्डा यांनीच. १९३९ मध्ये ती त्यांची पत्नीही झाली. ‘द डार्क एंजल’ या १९३५ च्या चित्रपटासाठी तिला उत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले. पण हे सारे मिळाले ते एका अटीवर. आपण ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात जन्मलो, असे ती आयुष्यभर सांगत राहिली. मुंबईचा उल्लेख नाही, नात्यागोत्याचा उल्लेख नाही. १९७९ मध्ये ती वारली, तोवर हे गुपित तिने जपले. २०२३ मध्ये मिशेल योह हिला ऑस्कर मिळाले तेव्हा या विभागातली पहिली आशियाई नामांकित अभिनेत्री म्हणून मर्लचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत पुन्हा छापून आले.

एकच निर्माता आणि दोन कलाकार. गोऱ्या वर्णाच्या मर्लला नायिका व्हायचे होते, म्हणून तिने हिंदुस्थान लपवला. सावळ्या साबूला तो लपवता येणे शक्य नव्हते, म्हणून त्याला तो जन्मभर अंगावर मिरवावा लागला. दोघांनाही स्वतःसारखे राहण्याची मुभा नव्हती.

अवघे एकोणचाळीस

१९४८ मध्ये साबूने मॅरिलिन कूपर या अभिनेत्रीशी विवाह केला. त्यांना दोन मुले झाली. मुलगा पॉल साबू पुढे रॉक संगीतात रमला. १९६० मध्ये साबूच्या थोरल्या भावाचा अमेरिकेत दरोड्यात खून झाला. म्हैसूरपासून सोबत आलेला एकमेव आप्त गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी, २ डिसेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियात हृदयविकाराच्या झटक्याने साबूचे निधन झाले. वय अवघे एकोणचाळीस. डिस्नेचा ‘अ टायगर वॉक्स’ हा त्याचा शेवटचा चित्रपट त्याच्या मृत्यूनंतर, १९६४ मध्ये झळकला. त्यातही तो वाघ सांभाळणाराच होता.

इकडे काबिनीकाठीही बरेच बदलले. काकनकोटेचा शेवटचा खेड्डा १९७१ मध्ये झाला. पुढे धरणाच्या पाण्याखाली खेड्ड्याच्या जुन्या जागा गेल्या. आज कारापूरच्या परिसरात पर्यटक जीप आणि बोटींतून हत्ती पाहायला येतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की हत्तींचे मोठे कळप काठावर उतरतात. आता त्यांना कोणी पकडत नाही.

साबूनंतर हॉलिवूड किती बदलले? २०१६ च्या ‘द जंगल बुक’मध्ये मोगली झालेला नील सेठी हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला भारतीय वंशाचा मुलगा होता. आता भारतीय वंशाचे कलाकार अमेरिकन मालिकांत डॉक्टर होतात, वकील होतात, प्रेमातही पडतात. पण ही वाट सहज सापडलेली नाही. न्यू जर्सीत जन्मलेला अभिनेता काल पेन, म्हणजेच कल्पेन मोदी, याने २०१७ मध्ये आपल्या जुन्या चाचण्यांच्या संहिता लोकांपुढे ठेवल्या. अमेरिकेतच वाढलेल्या या मुलाला ‘भारतीय ढंगाचे’ विनोदी इंग्रजी बोलायला सांगितले जात होते. ‘द सिम्पसन्स’ या प्रसिद्ध व्यंगचित्र मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदाराला अनेक वर्षे हँक अझारिया या गोऱ्या नटाचा आवाज होता. टीका वाढल्यावर २०२० मध्ये अझारिया यांनी ते काम सोडले.

म्हणूनच प्रश्नमंजूषेची तयारी करणाऱ्या मुलांना साबूचे नाव जरूर पाठ करायला सांगावे. पण त्याबरोबर त्याची हकीकतही सांगावी. एका गुणाच्या उत्तरामागे माणसाचे अख्खे आयुष्य असते, हे त्यांना लहानपणीच कळलेले बरे.

तुम्हाला ठाऊक आहे का?

● हॉलिवूडच्या ‘वॉक ऑफ फेम’वर साबूच्या नावाचा तारा १९६० पासून आहे. तो हॉलिवूड बुलेवार या रस्त्यावर आहे.

● ‘द थीफ ऑफ बगदाद’ पहिल्यांदा १९२४ मध्ये, म्हणजे साबूच्या जन्मवर्षीच निघाला होता. त्या मूकपटाचा नायक होता डग्लस फेअरबँक्स.

● डिस्नेच्या १९९२ च्या ‘अलादिन’मधला दुष्ट वजीर जाफर आणि माकड अबू यांची नावे साबूच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मधून आली. खेळण्यांचा शौकीन सुलतानही त्यातलाच.

● नटाला निळ्या पडद्यासमोर उभे करून मागचे दृश्य नंतर जोडण्याचे तंत्र लॅरी बटलर यांनी याच चित्रपटात मोठ्या प्रमाणावर वापरले. आज टीव्हीवर हवामानाचा नकाशा दाखवतात, तेव्हा याच तंत्राची पुढची पायरी आपण पाहतो.

● ‘जंगल बुक’चे संगीत मिक्लोश रोझा यांचे. साबूच्या आवाजातल्या निवेदनासह त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. अमेरिकन चित्रपटाचे पार्श्वसंगीत ध्वनिमुद्रिकेवर विक्रीला येण्याचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण.

● ‘ब्लॅक नार्सिसस’ हे नाव अत्तराचे आहे. पॅरिसच्या कॅरों कंपनीचे ‘नार्सिस न्वार’ हे अत्तर १९११ पासून प्रसिद्ध होते. चित्रपटात साबूचा तरुण संस्थानिक ‘ब्लॅक नार्सिसस’ अत्तर लावून मठात येतो.

● मोटार अपघातात मर्ल ओबेरॉनच्या चेहऱ्यावर व्रण पडले. ते पडद्यावर दिसू नयेत म्हणून तिचे दुसरे पती, छायाचित्रकार ल्युसियन बॅलार्ड यांनी कॅमेऱ्याजवळ बसवण्याचा एक खास दिवा तयार केला. तिच्या नावावरून त्याला ‘ओबी’ म्हणतात.